आंब्याखालचं गवत दर उन्हाळ्यात मरतं, त्याचं काय करायचं?

पावसाळ्यात लावलं, श्रावणात हिरवंगार झालं, दिवाळीला तुरे आले आणि होळीपर्यंत निम्मी जमीन उघडी. पुढच्या पावसात कडेकडेने परत येतं, मधलं टक्कल मात्र तसंच. पुन्हा लावा, पुन्हा तेच. सातारा जिल्ह्यात मेढ्याच्या बाजूला आमच्या घरामागे दोन जुने रायवळ आंबे, एक फणस आणि बांधाला जांभूळ आहे. त्यांच्याखाली हा खेळ मी चार वर्षं खेळलो. त्यातली दोन वर्षं मी दोष देत होतो सावलीला, आणि सावलीचा त्यात काहीच दोष नव्हता.

आधी गवत कोणतं ते सांगतो, कारण अर्धे घोटाळे तिथेच होतात.

झाडाखाली हरळी लावली असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, ती जगणारच नाही. हरळी, ऊस, ज्वारी, मका ही सगळी कडक उन्हावर पोसणारी मंडळी. त्यांच्या पानातली अन्न तयार करायची पद्धतच वेगळी असते, तिला शास्त्रात सी-फोर म्हणतात. भरपूर ऊन असेल तर ती पद्धत फार कामाची, सावलीत मात्र परवडत नाही. बांधावरच्या झाडाखालच्या दोन सऱ्यांमधला ऊस बारीक राहतो, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. नर्सरीवाले सावलीसाठी म्हणून रुंद पानाचं कार्पेट गवत देतात. ते सावलीत जगतं हे खरं, पण ते मूळचं अमेरिकेतलं आणि पाण्याला हावरट.

आपल्या रानातलं सावलीचं गवत तुम्ही पाहिलेलं आहे, फक्त त्याच्याकडे नीट बघितलेलं नसेल. महाबळेश्वर-कोयनेच्या जंगलात, देवराईत, घाटातल्या ओढ्याकाठी पायवाटेच्या दोन्ही अंगांना ते पसरलेलं असतं. पान भाल्याच्या पात्यासारखं, थेट बांबूच्या कोवळ्या पानाची आठवण करून देणारं, कडेला किंचित चुण्या पडलेलं. दांडी जमिनीवर सरपटते आणि पेऱ्यापेऱ्याला मुळं धरते. पावसाळा संपता संपता बारीक तुरे येतात आणि त्यांची चिकट कुसळं पायजम्याला, कुत्र्याच्या केसांना चिकटून फिरायला जातात. शास्त्रीय नाव ऑप्लिस्मेनस कंपोझिटस. आमच्याकडे त्याला वेगळं नाव कुणी घेत नाही, नुसतं 'रानातलं गवत'. मी इथे सोयीसाठी सावलीगवत म्हणतो. भात, गहू, बांबू यांच्यासारखं हेही सी-थ्री, म्हणजे कमी उजेडात भागवून घेणारं.

आता पहिला घोटाळा. या गवताचा एक जुळा भाऊ आहे, ऑप्लिस्मेनस बर्मानी. दिसायला तसाच, पण एका हंगामाचा पाहुणा. बी पडलं की नोव्हेंबर-डिसेंबरात आख्खं झाड वाळून जातं, तुम्ही कितीही पाणी घाला. ओळखायचं तुऱ्यावरून. आपल्या बहुवर्षायू, म्हणजे वर्षानुवर्षं टिकणाऱ्या, सावलीगवताचा तुरा लांब असतो, त्याच्या फांद्या एकमेकींपासून सुट्या आणि कुसळं गुळगुळीत, हाताला चिकट लागणारी. हंगामी भावाचा तुरा आखूड, दाटीवाटीचा, केसाळ, आणि कुसळं बोटाला खरखरीत. तुमच्याकडे दुसरं असेल तर ते मेलेलं नाही, त्याचं आयुष्य संपलं. बी जमिनीत आहे, जूनमध्ये आपोआप उगवेल. पण बारा महिने जमीन झाकायची असेल तर रोपं बदलावी लागतील. माझ्या पहिल्या वर्षीच्या लागवडीत दोन्ही मिसळलेली होती, आणि त्या वर्षीच्या निष्कर्षांचा काही उपयोग झाला नाही तो त्यामुळेच.

दुसऱ्या वर्षी मी फांद्या तोडल्या. तर्क सोपा होता: उजेड कमी पडतोय, उजेड वाढवा. जूनमध्ये आंबे उतरून झाल्यावर खालच्या तीन फांद्या काढल्या. पावसाळाभर गवत खूश होतं. मार्चमध्ये त्याच मोकळ्या जागेतून दुपारचं ऊन सरळ खाली आलं आणि जिथे फांदी काढली तिथलंच गवत सगळ्यात आधी करपलं. आत्याने तेव्हा जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. एवढं शिकलो की या गवताला ठिपक्याठिपक्याने फिरणारं ऊन चालतं, सकाळचं तिरपं ऊन तर आवडतं, पण चैत्र-वैशाखातलं दुपारचं ऊन नको. फांदी काढायचीच असेल तर पूर्वेकडची काढा. पश्चिमेकडच्या फांदीला हात लावू नका.

तिसऱ्या वर्षी पाणी. दिवाळीपासून रोज संध्याकाळी नळी घेऊन दहा-पंधरा मिनिटं शिंपडायचो. वरची बोटभर माती भिजायची, खाली खडखडीत. आंब्याची अन्न घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फुटातच असतात, त्यामुळे मी गवताला दिलेलं पाणी आंबाच पीत होता. आणि त्याची शिक्षा आंब्यालाही झाली. मोहोर फुटायच्या आधी आंब्याला दोन-तीन महिने कोरडं राहावं लागतं. तेव्हा पाणी मिळालं की तो मोहोराऐवजी पालवी काढतो. त्या साली आमच्याकडे तांबूस कोवळी पालवी सुंदर दिसली आणि लोणच्यापुरत्याच कैऱ्या मिळाल्या. म्हणजे गवत गेलं ते गेलंच, लोणचंही गेलं.

खरा गुन्हेगार सापडला तो अपघाताने. फणसामागे पडवीच्या कोपऱ्यात जुनी कौलं आणि फळ्या रचून ठेवलेल्या आहेत, तिथे कुणी जात नाही. मे महिन्यात फळ्या काढायला गेलो तर मागे हातभर जागेत सावलीगवत जिवंत. पाणी नाही, निगा नाही. पहिल्यांदा वाटलं, मोरीचं पाणी झिरपत असेल. उकरून पाहिलं, ओल नव्हती. मग आजूबाजूला बघितलं तेव्हा एकच फरक दिसला: त्या कोपऱ्यात पाचोळा घोट्याएवढा साचला होता. आणि आंब्याखालचं अंगण आत्या रोज सकाळी खराट्याने लख्ख झाडते. माझ्या जन्माच्या आधीपासून झाडते.

तिला लगेच काही बोललो नाही. आधी खात्री करायची ठरवली. चौथ्या वर्षी दिवाळीनंतर आंब्याखालीच, सारख्याच सावलीत, चार बाय चार फुटांचे चार चौकोन दोरी बांधून आखले. पहिला रोज झाडायचा, पाणी नाही. दुसऱ्याला खराटा नाही आणि पाणीही नाही. तिसरा झाडायचा, पण फेब्रुवारीपासून आठवड्याला एकदा बादलीने भरपूर पाणी. चौथ्याला खराटा नाही आणि फेब्रुवारीपासून पाणी. फेब्रुवारी का, तर तोवर कैऱ्या वाटाण्याएवढ्या झालेल्या असतात आणि आंब्याला पाण्याचा त्रास होत नाही.

पहिला चौकोन होळीला साफ. चौथा मेपर्यंत हिरवा, जरा मरगळलेला. हे दोन्ही अपेक्षित होतं. मजा मधल्या दोघांत आली. झाडलेल्या आणि पाणी दिलेल्या चौकोनात निम्मं गवत उरलं. न झाडलेल्या आणि पाणी न दिलेल्या चौकोनात एप्रिलमध्ये वरची सगळी पानं वाळून तपकिरी झाली, मी ते मेलं असं धरून चाललो होतो. मे अखेरीस दोन वळीव पडले आणि आठ-दहा दिवसांत पाचोळ्यातून भाल्याची पाती वर आली, जवळजवळ पूर्ण चौकोनभर. पाणी घातलेल्या पण झाडलेल्या तुकड्यापेक्षा कोरडा पण झाकलेला तुकडा सरस ठरला. एका माणसाने एका आंब्याखाली एका वर्षात पाहिलेली ही गोष्ट आहे, तिला त्याच तोलाची धरा. पण त्यानंतर दोन उन्हाळे हीच पद्धत ठेवली आणि टक्कल पडलेलं नाही.

कारण समजून घेतलं की सोपं आहे. हे गवत खोल मुळांवर जगत नाही. दांडी सरपटते, प्रत्येक पेरं वरच्या इंच-दोन इंच मातीत मुळं टाकतं, आणि गवत पुढच्या वर्षापर्यंत पोहोचतं ते त्या पेऱ्यांमुळे. खराट्याचे हीर नेमके तिथेच लागतात. ऑक्टोबरात नुकती धरलेली मुळं उचकटली जातात, दांडी सुटी होते, आणि पाचोळा गेल्यामुळे उघडी पडलेली माती तापते. त्यावरून चालून चालून ती घट्ट होते, मग वळीव पडला तरी पाणी वरून वाहून जातं. देवराईत काडीही उचलायची नाही अशी रीत असते. तिथे हे गवत का टिकतं, त्याचं कारण देवाच्या धाकाइतकंच त्या न झाडलेल्या जमिनीत आहे.

तुमच्याकडे हेच दुखणं आहे का, हे पाहायला दिवाळीनंतर एक सुटी दांडी हलकेच ओढा. ती लांबच्या लांब, मुळं न तुटता हातात आली तर पेऱ्यांनी जमीन धरलेलीच नाही. झाडल्यामुळे किंवा तुडवल्यामुळे असं होतं. पेरी घट्ट असतील आणि तरी पानं वाळत असतील तर दुखणं पाण्याचं. उन्हाळ्यात वाळलेलं गवत मेलं की झोपलं हे कळायला पेऱ्यावर नखाने खरवडा. आत हिरवट-पांढरं, किंचित ओलसर दिसलं तर जिवंत आहे. कट्कन मोडलं आणि आत भुस्सा असला तर गेलं. मी दुसऱ्या वर्षी हे न बघता झोपलेलं गवत उपटून टाकलं होतं, ते आजही आठवतं.

आता उपाय. पाचोळा ठेवायचा, पण आहे तसा नाही. आंब्याचं आणि फणसाचं पान चिवट, मेणचट असतं. ते ताटासारखं एकावर एक पडतं आणि त्याच्याखाली गवत गुदमरतं, विशेषतः पावसात. फणसाखाली 'पाचोळा ठेवूनही गवत पिवळं पडतं' असं जे होतं ते यामुळे. म्हणून दिवाळीच्या सुमारास दाताळ्याने अलगद ओढून मोठी पानं गोळा करायची, पोत्यात भरून पायाने तुडवायची किंवा कोयत्याने चुरायची, आणि तोच चुरा दोन बोटं जाडीने गवतात परत पसरायचा. पाती वर दिसली पाहिजेत. होळीच्या आधी पानगळ झाली की आणखी एक थर. आवळा, आपटा यांची पानं लहान, ती तशीच पडू द्या. मृगाचा पाऊस लागला की जाड राहिलेला थर थोडा उचलून खड्ड्यात टाका, नाहीतर गोगलगायींना आयतं घर मिळतं.

आत्याला हे पटवणं मात्र सगळ्यात कठीण काम होतं. चौकोन दाखवले तर म्हणाली, "आरं, दारात पाला ठिवायचा म्हंजी इच्चवाला आवतान हाय." आणि तिचं खोटं नाही. आमच्या भागात फुरसं आहे, घोणस आहे, मण्यार आहे, आणि पाचोळ्यातलं फुरसं डोळ्यासमोर असून दिसत नाही. म्हणून आम्ही दगडांची एक ओळ टाकली. घरापासून पंधरा फूट आणि विहिरीकडे जाणारी वाट आत्याची, तिथे खराटा रोज. ओळीपलीकडे खराटा बंद, तिथे अनवाणी जायचं नाही, हात घालायच्या आधी काठीने ढवळायचं आणि अंधार पडल्यावर बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही. लहान मुलं जिथे खेळतात तिथे हे गवत लावूच नका. त्यापेक्षा झाडलेली माती बरी.

लागवडीबद्दल थोडक्यात. बियांच्या भानगडीत पडू नका. तीन-चार पेऱ्यांचे तुकडे घ्या, दोन पेरी मातीत आडवी दाबा, वीतभर अंतरावर. मृगात घाई करू नका, आर्द्रा-पुनर्वसूत पाऊस बसला की लावा, म्हणजे हस्ताचा पाऊस जाईपर्यंत पेऱ्यांना तीन महिने मिळतात. गणपतीनंतर लावलेलं माझ्याकडे कधीच टिकलं नाही. बुंध्याला लागून मुळांचं जाळं दाट असतं, तिथे तीन फूट जागा सोडा. आंब्याची मुळं तोडून खड्डे करू नका, त्याऐवजी वर दोन इंच शेणखत-मातीचा थर देऊन त्यात दाबा.

तुकडे आणायचे ते स्वतःच्या किंवा नातेवाइकांच्या बांधावरून, परवानगीने. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथून गवताची काडी आणणंही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, आणि देवराईतून आणलेलं आमच्या घरात तरी चालत नाही. मी मामांच्या पाटणकडच्या शेताच्या ओघळीतून दोन पाट्या आणल्या होत्या, त्यावरच आजचं सगळं गवत आहे.

सांगलीकडची गोष्ट वेगळी

याच गवताच्या दोन पाट्या धाकट्या बहिणीने सांगलीला नेल्या. तिच्याकडे चिंचेखाली ते श्रावणातच पिवळं पडलं, म्हणजे माझ्या उलट. आमच्याकडे निचऱ्याची तांबडी माती, तिच्याकडे कृष्णाकाठची काळी, भारी माती. पाऊस लागला की ती चिखल होते, मुळांना हवा मिळत नाही, आणि उन्हाळ्यात भेगा पडून तीच मुळं तुटतात. तिथे जमिनीत लावण्यात अर्थ नाही. वीटभर उंचीचा वाफा करून त्यात माती, शेणखत आणि चुरलेला पाचोळा घातला, तेव्हा ते धरलं.

पण फेब्रुवारीत पानांची टोकं तपकिरी व्हायला लागली आणि वाफ्याच्या विटांवर पांढरी पावडर फुटली. ते बोअरचं पाणी. कृष्णेच्या बागायती पट्ट्यात जमिनी क्षारपड, म्हणजे मीठ फुटून नापीक, झाल्याची कहाणी सगळ्यांना माहीत आहे. तेच क्षार थोड्या पाण्याने रोज शिंपडलं की परसातही वर येऊन बसतात. माती परीक्षणाच्या कागदावर सामू (माती आम्ल की विम्ल) आणि ईसी (क्षारांचं प्रमाण) हे दोन आकडे असतात, ते आधी बघा. घरच्या घरी इलाज म्हणजे रोजचं शिंपडणं बंद, आठ-दहा दिवसांनी एकदाच भरपूर पाणी, म्हणजे क्षार खाली निघून जातात. त्यासाठी वाफ्याला खालून निचरा हवाच. छपराचं पावसाचं पाणी साठवता आलं तर फारच उत्तम. बहिणीने दोन पिंपं ठेवली आहेत, ती मार्चपर्यंत पुरतात.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि सांगलीला पाचसहाशे. तिकडचं गवत इकडे बारा महिने हिरवं ठेवायचं म्हणजे पाण्याची उधळपट्टी आहे. सांगली, मिरज, तासगावकडे किंवा आमच्याच जिल्ह्यातल्या माण-खटावला हे गवत घराच्या उत्तरेला, भिंतीच्या सावलीत, छोट्या वाफ्यापुरतं ठेवा आणि उन्हाळ्यात वाळू द्या. झाकलेलं असेल तर पेरी राहतात.

बाकीची किरकोळ दुखणी. पानं कडेने अर्धगोल कुरतडलेली दिसली आणि मागे डोक्यावर दोन शिंगं असलेली हिरवी अळी सापडली तर ती संध्याकाळी उडणाऱ्या तपकिरी फुलपाखराची आहे. औषध मारू नका, गवत तिला पुरून उरतं. पानावर चकाकणारी रेघ असेल तर गोगलगाय, रात्री वेचून मिठाच्या पाण्यात टाका, मीठ मातीत नको. कोंबड्या असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त, कारण पाचोळा उकरण्यात खराट्यापेक्षा कोंबडी वाईट. शेळीबद्दल काय लिहायचं! आणि निलगिरी किंवा सुबाभळीखाली प्रयत्न करू नका. दोन्हींचा पाला खालच्या रोपांना मानवत नाही. मी निलगिरीखाली दोन पावसाळे घालवले आणि मला तिथे एक पेरंही टिकवता आलं नाही.

चिकट बियांची तक्रार येतेच. भाद्रपदात, तुरे डोकावायच्या आधी, विळ्याने जमिनीपासून चार बोटं वर एकदा कापलं की तुरे कमी येतात आणि गवत दाट होतं. लॉनचं मशीन चालवू नका, ते पेऱ्यांपर्यंत छाटतं. आमच्याकडे वाटेच्या दोन्ही बाजूंना हातभर पट्टा असा कापतो, बाकीचं तसंच सोडतो. तरी गेल्या दिवाळीत पाहुणे परसात आंबा बघायला गेले आणि काकांच्या नव्या धोतराला गुडघ्यापर्यंत कुसळं लागली. आत्या ओट्यावर बसून ती एकेक काढत होती आणि माझ्याकडे बघत होती.